खालच्या खाचराचा वाफसा

वहिनी,

परवा तुमचं तेरावं झालं. काल पाहुणे पांगले. आज सकाळी मी खालच्या खाचरात उतरलो, चार बोटं उकरून माती काढली, मुठीत दाबून तिचा लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. पडला तसा फुटला. म्हणजे वाफसा आला, जमीन पेरणीजोगी झाली. एरवी मी असा लाडू वळायला लागलो की बांधावरून तुमचा आवाज यायचा, "भावजी, लाडूच वळायचे तर घरात वळा, डब्यात बेसन हाय." आज कुणी काही बोललं नाही. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तुमच्यामागे या घरात एक गोष्ट तशीच राहिली होती. दोन वर्षं मी ती पोटात ठेवली. आज ठेववली नाही, तेच तुम्हाला लिहायला बसलोय.

माझं अक्षर तुम्हाला कधी आवडलं नाही. चौथीपर्यंतच शिकलात, पण माझ्या वह्या हातात घेऊन म्हणायचात, "कोंबडीनं उकरल्यावानी दिसतंय." आजही तसंच आहे. चालवून घ्या.

तुम्ही या घरात आलात तेव्हा मी सातवीत होतो, आणि माझी चड्डी कायम एका बाजूनं फाटलेली असायची. तरी पहिल्या दिवसापासून मला भावजी म्हणालात आणि अहोजाहो केलंत. दादा हसायचा. म्हणायचा, त्याला कशाला मान, त्याला मार द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. पुढे माझी आई गेली आणि माझं जेवणखाण, शाळा, आजारपण सगळं तुमच्याकडे आलं. तरी माझ्याशी बोलताना "तुमी" कधी सुटलं नाही. म्हणूनच तुमच्याशी भांडताना मला बरोबरीचं वाटायचं, आणि भांडलो ते खूप भांडलो.

शेतीचा डिप्लोमा करून मी परत आलो ते नव्वदच्या पुढेमागे. घोडेगावच्या वर आपली वाडी, पावसाचं भात हेच मुख्य पीक. दिवाळीच्या आसपास हळवं, लवकर येणारं भात निघालं की खाचरं मोकळी व्हायची. तुम्ही थोडा वाल टाकायचात, थोडा हरभरा, बाकी जमीन भेगाळत पडायची. मी सोयाबीनचं पोतं आणलं. दादानं मूठभर दाणे हातावर घेतले आणि विचारलं, "ह्याचं काय कालवण करत्यात का?" मी समजावून सांगितलं. सोयाबीनच्या बियाचा जीव नाजूक, साल पातळ, पोतं आपटलं तरी उगवण मरते. सालभर ठेवलेलं बी जूनमध्ये दगा देतं. पण भातामागे, जमिनीत मुरलेल्या ओलीवर पेरून काढलं, तर जूनच्या पेरणीला ताजं बी हातात येतं. झाड ठेंगणं राहील, शेंगा कमी लागतील, पण बी जिवंत असेल. मंचर-अवसरीकडचे लोक घ्यायला दारात येतील. दादानं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "भावजींनी हौसंनं आनलंय, तर टाकू की."

पहिल्या वर्षी मी वहीत पाहून पेरलं. कापणीनंतर आठव्या दिवशी तिन्ही खाचरं एकदम. तुम्ही बांधावरनं म्हणालात, "खालच्याला अजून दोन दिस द्या." मी म्हटलं, वहिनी, हे शास्त्र आहे. वरचं खाचर उगवलं, मधलं निम्मंशिम्मं उगवलं, खालचं गेलं. उकरून पाहिलं तर दाणे फुगून बुळबुळीत झालेले आणि आंबूस वास येणारे. भाताची जमीन चिखलणी करून घट्ट बसलेली असते. वरून भेग पडलेली दिसते आणि वीतभर खाली गाळ असतो. लवकर घातलं तर बी कुजतं. उशीर केला तर ढेकळं होतात, वर थंडी वाढते, आणि मग सोयाबीन उगवायला हटून बसतं. मधे दोन दिवस मिळतात, फार तर तीन. हे सगळं मला वहीत लिहून दिलेलं होतं. ते दोन दिवस कोणते, हे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षापासून तुम्ही फिरायला लागलात. तुमची रीत मी पुढे इतकी वर्षं पाहिली. सकाळचं दव सुकलं की चपला बांधावर काढायच्या आणि अनवाणी खाचराच्या मधोमध जायचं. दहा पावलांवर थांबायचं. आधी टाच रोवायची, मग चवडा टेकायचा. तोंडानं एक शब्द नाही. सगळं फिरून झालं की दादाला म्हणायचात, "टाचंला गार लागतंय अन चवड्याला कोरडं. घाला बी." जुन्नरच्या पश्चिमेला तुमच्या माहेरी तुमची आजी असंच करायची म्हणे, वालासाठी. सात-आठ सालं तुमचा अंदाज चुकला नाही. माझी मूठ आणि तुमची टाच बहुतेक वेळा जुळायची. कधी एका दिवसाचा फरक पडायचा, आणि तेव्हा टाच जिंकायची.

यावरचं आपलं भांडण काही मिटलं नाही. मी म्हणायचो, तुमची टाच दुसऱ्या कुणाला देता येत नाही. उद्या तुम्ही नसलात तर काय करायचं? मूठ मी अख्ख्या वाडीला शिकवू शकतो. तुम्ही म्हणायचात, "मूठ हातभर जागंचं सांगती. मी समदं खाचार फिरते." दोघांचं खरं होतं. पण कबूल करायला दोघांपैकी एकाचीही जीभ वळली नाही. "उद्या तुम्ही नसलात तर" हे मी किती सहज बोलायचो, ते आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मग ती दोन-तीन वर्षं आली. तेव्हा ती वेगळी वाटली नव्हती.

एकदा तुम्ही घोडेगावच्या बाजारातून आलात त्या एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठं पडली ते तुम्हाला कळलंच नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी म्हटलं, "वहिनी, एक पाय माहेरी ठेवून आलात का?" तुम्हीही हसलात. मग खाली वाकून तो उघडा पाय जरा वेळ पाहत राहिलात. पुढं एकदा चुलीतला निखारा बाहेर पडला आणि तुमचा पाय त्यावर होता. कातडं जळल्याचा वास आम्हाला आला, तुम्हाला चटका लागला नाही. म्हणालात, अनवाणी चालून चालून कातडं जाड झालंय. आम्हाला पटलं. तहान तर इतकी, की तुमचा तांब्या सारखा रिकामा. मोरीत मुंग्या व्हायच्या, लालभडक, रांगच्या रांग. तुम्ही हळद टाकायचात आणि दुसऱ्या दिवशी त्या परत. मी डिप्लोमावाला. जमिनीला काय कमी पडलंय ते पानाच्या रंगावरून ओळखणारा. रोज त्या मोरीत पाय धुवायचो.

निखाऱ्यावर पाय पडला त्याच वर्षी खालच्या खाचरात तुम्ही फिरून आलात आणि म्हणालात, "गार लागंना. वल सरली. आजच घाला." मी चक्रावलो. सकाळीच माझा लाडू पडून जसाच्या तसा राहिला होता, चपटादेखील झाला नव्हता.

"वहिनी, अजून चिखल आहे खाली. तीन दिवस तरी थांबा."

"भावजी, टाचंला काय बी लागत नाय. कोरडं ठाक झालंय."

"अहो, मूठ बघा माझी."

"तुमची मूठ ऱ्हाऊ द्या."

दादानं तुमचं ऐकलं. तो नेहमीच तुमचं ऐकायचा. नांगराच्या फाळामागं माती कापल्यासारखी चकाकत पडत होती. मी दाखवली, तरी त्यानं बैल थांबवले नाहीत. दहा दिवसांनी उकरलं तेव्हा तोच बुळबुळीत दाणा आणि तोच आंबूस वास. वहिनी, खरं सांगतो, मला आनंद झाला. इतकी वर्षं हरलेला माणूस मी, एकदाचा जिंकलो होतो. तुमच्यासमोर तो कुजका दाणा धरून म्हणालो, "पाय म्हातारे झाले तुमचे." तुम्ही दाणा माझ्या हातातून घेतलात, बोटांनी चिरडलात, आणि आत गेलात. तुमची टाच चुकली, एवढंच मी पाहिलं. ती का चुकली, हे मी विचारलं नाही. हाताखालची जमीन बिघडली असती तर दहा वेळा विचारलं असतं.

पुढच्या साली तुम्ही खाचर फिरून आलात आणि माझ्या जवळ येऊन हळूच म्हणालात, "भावजी, तुमची मूठ काय म्हनती?" जन्मात पहिल्यांदा विचारलंत. मी फुशारलो. सांगितलं, वरचं आज आलं, मधलं दोन दिवसांनी, खालच्याला सहा. तुम्ही दादाकडे गेलात आणि तेच सगळं तुमची टाच म्हणून सांगितलंत. मी ऐकत होतो. मला वाटलं, चला, वहिनींनी हार मानली, पण दादासमोर आब राखतायत. राखू देत. तुम्ही लपवत होतात, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

त्याच दिवशी, दादा बैल आणायला वाडीत गेला होता. तुम्ही वरच्या खाचरात पुन्हा एक फेरी मारून बांधाकडे येत होतात. तुमच्या मागं टाचेचे ठसे ओले दिसत होते. मी मनात म्हटलं, आयला, ओल वर येतेय का काय? मूठ चुकली की काय माझी? वाकून एका ठशात बोट घातलं. बोट लाल झालं.

बांधाला बोराटीचं कुंपण होतं, त्यातला काटा तुमच्या टाचेत पुरता घुसून मोडला होता. तुम्ही तसंच अख्खं खाचर फिरून आला होतात, दहा-दहा पावलांवर टाच रोवत. मी तुम्हाला खाली बसवलं. सुईनं काटा काढताना तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. विचारलं, "दुखत नाही?" तुम्ही मान हलवलीत. "कधीपासून?" म्हणालात, "लई दिस झालं. दोन्ही पायांना काय बी कळत नाय."

मग माझं मनगट धरलंत. "ह्यांना सांगू नका, भावजी. पेरनी टाकून मला मंचरला न्हेतील. वाफसा काय थांबतो व्हय? बी पडू द्या एकदा, मग जाऊ."

मी हो म्हणालो.

वहिनी, ते मी तुमच्यासाठी केलं असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. खरं तसं नाही. आदल्या वर्षी खालचं खाचर कुजलं होतं, लोकांना जूनमध्ये बी देता आलं नव्हतं, आणि या वर्षी पेरणी माझ्या मुठीवर चालली होती. मला ती साधायची होती. हळद लावली, जुन्या लुगड्याचा धडपा बांधला, आणि मोकळा झालो. तुम्ही तर त्याच पायानं मधलं खाचर फिरलात, आणि खालचंही फिरलात. फिरायची काही गरज नव्हती, दिवस मी सांगितलेलेच होते. पण दादाला संशय येऊ नये म्हणून तुम्ही फिरायचात, आणि मी बांधावर उभा राहून पाहायचो. ओल्या गाळात तो धडपा काळा होत गेलेला मला दिसत होता.

काट्यापासून सतराव्या दिवशी तुम्हाला ताप भरला आणि पायाचा वास घरभर झाला. मंचरला नेलं. डॉक्टरांनी पाय उघडला, रक्तातली साखर तपासायला पाठवली आणि विचारलं, "काटा कधी लागला?" मी म्हणालो, "चार दिवस झाले." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि डोळे मिटून घेतलेत. दादा शेजारी उभा होता. तिथून पुण्याला पाठवलं. तिथं आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालून पाय गेला.

सोयाबीन त्या वर्षी फार चांगलं आलं. पुढच्या वर्षीही माझ्या मुठीवर चांगलं आलं. त्याचा मला अजून राग येतो.

दोन वर्षं तुम्ही ओट्यावर बसून काढलीत. भात निवडायचात, येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायचात. मला म्हणायचात, "भावजी, आता म्या निम्मीच भांडनार, निम्मा पायच गेला." पण खाचरांचं नाव काढायचं नाही. एकदा मी घमेल्यात खालच्या खाचराची माती घेऊन आलो, तुमच्यापुढे ठेवली. म्हटलं, हातानं सांगा. तुम्ही हात घातलात, बराच वेळ ठेवलात, आणि काढून पदराला पुसलात. "हाताला बी कळंना, भावजी." त्यानंतर मी माती आणली नाही. किडन्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. त्या घमेल्याच्या दिवशीच मला पुढचं दिसलं होतं. तेव्हाही मी कुणाला बोललो नाही. गप्प बसायची सवय लागली होती.

दहाव्याला तुमची लेक सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली. अवसरीला दिल्यापासून ती सणालाच यायची, तिला मधलं काही ठाऊक नाही. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिनं विचारलं, "काका, आईच्या पायात काटा व्हता तर घरात कुनालाच कसा दिसला नाय? कुनी तरी बघितलाच असंल ना?" मी म्हणालो, "कामाच्या घाईत राहिलं, बाळा." ती माझ्याकडे पाहत राहिली, तुम्ही पाहायचात तशीच.

म्हणून आज ठरवूनच निघालो होतो. बियाला सकाळी गुळपाणी आणि जिवाणूंचं खत चोळून सावलीत पसरलं होतं. दादानं बैल जुंपले होते, बेल्ह्याच्या बाजारातून तुम्ही पसंत केलेली तीच जोडी. तो खाचराच्या तोंडाशी आला आणि उगाच थांबला. कुणी तरी "घाला बी" म्हणायची वाट पाहत असावा. मी म्हटलं, "दादा, बैल उभे कर. तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. ठसे, बोटाला लागलेलं रक्त, तुम्ही धरलेलं मनगट, सतरा दिवस, आणि डॉक्टरला सांगितलेले चार. मला वाटलं तो मला मारेल. मारावं, असंच वाटत होतं.

दादा बांधावर बसला. म्हणाला, "मला ठावं व्हतं."

"काय?"

"त्याच दिशी, सांजच्याला. पाय धूत व्हती, तवा बघितला मी धडपा. म्हनली, भावजींना कळू देऊ नका. पेरनी टाकून मला मंचरला न्हेतील. लई हौसंनं बी आनलंय त्यांनी." तो जमिनीकडे पाहत बोलत होता. "मी म्हनलं, बरं. आन तू डाक्टरला चार दिस म्हनलास ना, तवा मला बरंच वाटलं. मला सांगावं लागलं न्हाई."

वहिनी, सतरा दिवस एकाच घरात, एकाच पंगतीला, तुमच्या हातची भाकरी खात दोघं भाऊ बसत होतो. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. तुम्ही वाढत होतात तेव्हा दोघांचीही नजर तुमच्या पायाकडे जात असणार. मी त्याची नजर कधी पाहिली नाही, त्यानं माझी पाहिली नाही. एरवी तुमची कोणती गोष्ट आम्ही दोघांनी इतक्या इमानानं पाळली होती? लुगडं आणा म्हणालात तर तीन बाजार विसरायचो.

आम्ही दोघं रडलो. दादा रडताना मी आजवर पाहिला नव्हता, तुम्हाला नेलं त्या दिवशीही नाही. मग मी उठून बैल सोडले. म्हटलं, "आपण आत्ताच अवसरीला जाऊ. दोघांनी मिळून सुनंदाला सांगू. ती पुढं या दारात आली नाही, तरी सांगू."

दादा उठला, पण त्याचे डोळे खाचराकडे गेले. माझेही गेले. आजचा आणि उद्याचा दिवस एवढीच ती ओल होती, आणि चोळलेलं बी सावलीत वाळत होतं. दोघांनाही ते कळत होतं.

मग त्यानं पायात चपला घातल्या आणि म्हणाला, "जाऊ दे वाफसा."

वहिनी, एवढंच काट्याच्या त्या दिवशी आमच्यातल्या एकानं म्हणायचं होतं.